निस्कानेनच्या घरचा लाइट

"त्या घरी मी पाय ठेवणार नाही. नोकरीवरून काढा हवं तर!" असं म्हणून तिसऱ्या लाइनमननंही हातमोजे टेबलावर आपटले, तेव्हा रूडीनं डेलकडे पाहिलं.

रूडी वीज कंपनीच्या त्या लहानशा डेपोचा साहेब. अपघातानंतरच्या अकरा दिवसांत तोही वाळून गेला होता.

"तुला सांगायला जीभ रेटत नाही रे," तो म्हणाला. "पण अख्ख्या तालुक्यात तेवढं एकच घर अंधारात राहिलंय. म्हातारी ऑक्सिजनवर आहे. सिलिंडरवर किती दिवस काढायचे तिनं?"

"जातो मी," डेल म्हणाला.

सगळ्यांनी वळून त्याच्याकडे पाहिलं. त्या घराच्या लाइनवर जीव गेलेल्या ग्लेनचा जोडीदार, आणि तोच जातो म्हणतोय! कोणीतरी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. डेलला तो हात चटका बसावा तसा लागला.

डेल कोस्केला सव्वीस वर्षं मिशिगनच्या या उत्तर टोकाला खांबांवर चढत होता, त्यातली एकोणीस ग्लेन हर्टलाच्या सोबतीनं. मार्चअखेरीला गोठता पाऊस झाला, तारांवर मनगटाएवढा बर्फ चढला आणि खांब काडीसारखे मोडले. दोघं सोळा तास सलग राबत होते. निस्कानेनच्या वळणावरची लाइन मेलेली, म्हणजे वीजच नसलेली होती. पण म्हाताऱ्या एल्मर निस्कानेननं घरचा जनरेटर सरळ भिंतीतल्या प्लगला जोडला होता. ती वीज उलटी वाहत बाहेर आली, ट्रान्सफॉर्मरमध्ये हजारो व्होल्टची झाली, आणि ग्लेननं तारेला हात घातला.

चौकशीत एकच प्रश्न होता. तारेला आधी अर्थिंग का लावलं नाही? लावलं असतं, तर ती वीज ग्लेनच्या अंगातून न जाता जमिनीत गेली असती. डेलनं जबाबात लिहिलं, 'नको, वेळ जाईल, असं ग्लेनच म्हणाला.' मेलेला माणूस काही उलटून बोलायला येत नाही.

डेल निस्कानेनच्या घरी पोचला तेव्हा एल्मर फाटकापाशी गुडघ्यांवर बसून पत्रपेटी घासत होता. पेटीवर कुणीतरी लाल रंगात 'खुनी' असं लिहिलं होतं. रंग निघत नव्हता, नुसता पसरत होता.

"तू टॉइवोचा मुलगा ना?" म्हातारा कण्हत उठला. "मला वाटलं, कुणी येणारच नाही."

"आलोय ना. जनरेटरची वीज बाहेर जाऊ न देणारा तो वेगळा स्विच बसवून घेतलात?"

"कालच. तरी तू बघून घे बाबा. मला कशातलंच काही कळत नाही." त्यानं हातातलं फडकं पिळलं. "जावयानं फोनवर सांगितलं होतं, प्लगला जोडा म्हणून. जोडला. ऑक्सिजनविना माझ्या बायकोचं, इर्याचं तोंड निळं पडलं होतं रे. तिचं यंत्र सुरू झालं तेव्हा मी देवाचे आभार मानले. आणि त्याच क्षणी तिकडे..."

डेल स्विच तपासत राहिला. एकदा तपासला, पुन्हा तपासला.

आतून म्हातारीचा दमलेला आवाज आला. "कोण आलंय, एल्मर?"

"लाइटवाला आलाय गं!"

"त्याला कॉफी विचार."

एल्मरनं कॉफी विचारली नाही. तो हळू आवाजात म्हणाला, "चर्चमध्ये आमच्या बाकावर कुणी बसत नाही आता. बरोबर आहे त्यांचं. ग्लेनच्या बायकोला पत्र लिहायला घेतो, तिचं नाव लिहितो, पुढं हातच चालत नाही. इर्या आहे म्हणून मी आहे. ती गेली की मी एक दिवस काढणार नाही. सांगून ठेवतो तुला."

डेलच्या हातातला पाना बर्फात पडला. तो उचलायला वाकला तो तसाच वाकून राहिला.

"ग्लेन गाडीतून अर्थिंगची केबल काढत होता," तो जमिनीकडे बघतच म्हणाला. "मी म्हटलं, राहू दे रे, लाइन मेलीय, पाच घरं राहिलीत, उरक आता. मी मोठा ना. त्यानं माझं ऐकलं. केबल परत ठेवली."

"पण लोक तर म्हणतात, त्यानंच..."

"ते मी लिहिलं. खोटं लिहिलं."

म्हाताऱ्याच्या हातातलं फडकं ठिबकत होतं. डेलला वाटलं, हा आता मारेल. मारावं, असंही वाटलं.

"मग अकरा दिवस तू काय करत होतास?" एल्मरनं विचारलं.

डेलनं पाना उचलून पिशवीत टाकला.

"मला कशाला सांगतोस? तिला सांग जा." तो पाठ फिरवून घरात गेला.

डेलनं माणसाला वर उचलणारी बादलीची गाडी खांबाला लावली. तार तपासली, अर्थिंग लावलं, तुटका जोड नवा केला. अर्ध्या तासाच्या कामाला त्याला दोन तास लागले. शेवटी अर्थिंग काढून लांब काठीनं फ्यूज बसवला. स्वयंपाकघरातला दिवा लागला, यंत्राची घरघर सुरू झाली. दारात कोणी आलं नाही.

गाडीतून त्यानं रूडीला फोन लावला. "मला जबाब बदलायचाय."

रूडीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "डेल, तोंड मिटून घरी जा. निवृत्तीला चार वर्षं राहिलीत तुझी. ग्लेन काही परत यायचा नाही."

"ते मला माहीत आहे. तू लिहून घे."

ग्लेनच्या घरी लॉर्ना हर्टला दारातच उभी राहून ऐकत होती. तिनं त्याला आत बोलावलं नाही. तोही पायरीच्या वर चढला नाही. सगळं सांगून झालं. माफी मागायची असं ठरवून आला होता, पण तो शब्द तोंडातच राहिला.

"अकरा दिवस मी त्याला शिव्या घालतेय," ती म्हणाली. "त्याच्या फोटोसमोर उभी राहून. म्हटलं, एवढी कसली रे घाई होती तुला? माझा विचार नाही आला? आणि तो बिचारा नुसता हसतोय फोटोत."

तिनं रस्त्यावरच्या गाडीकडे पाहिलं.

"त्याचा डबा तुझ्याच गाडीत असेल," ती म्हणाली.

होता. सीटच्या मागे. डेलनं अकरा दिवस तिकडे बघायचं टाळलं होतं. त्यानं तो दोन्ही हातांनी आणून दिला. तिनं तिथेच उघडला. मांस-बटाटा भरलेली भली मोठी करंजी कागदात तशीच होती, बुरशीनं हिरवी झालेली.

"खाल्लं पण नव्हतं त्यानं," लॉर्ना म्हणाली.

"वेळच झाला नाही," डेल म्हणाला.

ती डबा घेऊन आत गेली. दार तिनं नुसतं लोटून घेतलं. आत नळ सुटला. डेल पायरीखाली उभा होता. डबा कधीच स्वच्छ झाला असेल, तरी पाणी वाहत होतं.