जिन्याची पाटी

“पोलिसांना नका बोलवू, मावशी,” फुटलेल्या ओठावर बर्फाचा रुमाल धरून व्हियोरिका म्हणाली. “फोन गेला, जाऊ दे. ओठ काय, भरून येईल.”

गुन्वोरबाईंनी तोवर पोलिसांचा नंबर फिरवलाही होता. टपालकचेरीत एकतीस वर्षे चोख नोकरी केलेल्या त्या वृद्धेची राज्यव्यवस्थेवर देवावर असावी तशी निष्ठा होती. कुणी मारले, कुणी लुटले, की पोलिसांस कळवायचे; यात विचार करण्यासारखे त्यांना काही दिसेना.

नॉर्वेतील त्या बंदराच्या गावी बाईंचे तीन बिऱ्हाडांचे लाकडी घर होते. त्या स्वतः मधल्या मजल्यावर राहत; वरचा मजला दोन वर्षांपूर्वी त्यांनी या रुमानियन बाईस भाड्याने दिला. तिच्याकडे पुरुष येतात, हे जिना सांगत असे. उभयतांनी तो विषय कधी काढला नाही. शरीराचा बाजार असू नये, हे बाईंचे मत जुने होते. घेणाऱ्यास शिक्षा व्हावी, विकणारीस नव्हे, असा कायदा यावा म्हणून आठ मार्चच्या महिलादिनाच्या मिरवणुकीत त्या मशाल घेऊन बर्फातून चालल्या होत्या. कायदा आला त्या दिवशी त्यांनी केक केला होता. व्हियोरिकाला मात्र त्यांनी कधी उपदेश केला नाही. शनिवारी जिना धुण्याची पाळी ज्याची, त्याच्या दारावर एक लाकडी पाटी लटके. जिना धुऊन झाला की ती पुढच्या दारावर जाई. व्हियोरिकाने आपली पाळी एकदाही चुकवली नाही, आणि बाईंच्या लेखी माणसाची परीक्षा तेवढ्यावर पुरी होत असे.

तेर्ये नावाचा तरुण अंमलदार आला. त्याने सौजन्याने सारे लिहून घेतले, आणि चार दिवसांत मारणारा सापडलाही. पुढच्या आठवड्यात तेर्ये पुन्हा आला, दाराशी बूट काढून स्वयंपाकघरात बसला.

“तिनं गुन्हा केलेला नाही, बाई. कायदा तिच्या बाजूनं आहे.”

“मला नको सांगूस. त्या कायद्यासाठी पाय गोठवलेत मी.”

“पण ती काय करते, हे आता कागदावर आलंय. ठाऊक असून जागा दिलीत, तर दलाल तुम्ही ठरता. चौदा दिवसांत मजला रिकामा हवा.”

“म्हणजे मार तिनं खायचा, आणि घरही तिनंच सोडायचं?”

तेर्येने कपातल्या कॉफीकडे पाहिले. “तिला कुणी हाकलत नाही. तुम्ही भाड्यानं देऊ नका, एवढंच.”

नाही म्हणता आले असते. खटला झाला असता, वर्तमानपत्रात नाव आले असते. बहात्तर वर्षांत साधा दंडही न भरलेल्या बाईंनी काही दिवस ते मनात घोळवले, आणि मग वळणदार अक्षरात नोटीस लिहिली. पत्रपेटीत टाकण्याचे धैर्य झाले नाही. स्वतः जिना चढून त्यांनी ती हाती दिली.

“फोन मीच केला,” त्या म्हणाल्या.

“वाईट मनानं नाही केलात. तुम्हाला वाटलं, पोलीस जसे तुमचे, तसेच माझे.” व्हियोरिकाने कागदाची नीट घडी केली. “जर्मनीत माझ्या धंद्याला मुभा होती, मावशी. तिथला मालक रोजचं भाडं इतकं घ्यायचा, की पहिली दोन गिऱ्हाइकं त्याचीच. कॉफी कधी विचारली नाही त्यानं. तुम्ही विचारलीत. आणि घर गेलं ते इथं.”

कुठे जाशील, असे बाईंनी विचारले.

“बघू. गिऱ्हाइकांच्या गाड्या असतात.”

ती निघाली त्या शनिवारी गुन्वोरबाई मुद्दाम पाव आणायला गेल्या आणि बेकरीत उगीच रेंगाळल्या. परतल्या तेव्हा वरच्या मजल्यावर सामसूम होती, आणि हिरव्या साबणाचा वास खालपर्यंत उतरला होता. जिना वरपासून तळाच्या पायरीपर्यंत धुतलेला होता. कोपऱ्यांतली धूळसुद्धा काडीने काढलेली.

पायऱ्या अजून ओल्या होत्या. बाईंनी बूट काढून हातात घेतले आणि कठड्याला धरून त्या सावकाश वर गेल्या. पाटी त्यांच्या दारावर लटकत होती.