दाढीखालचा अँब्रोज

न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर आमचं सत्तावीस घरांचं गाव. पोस्ट मी चालवते, त्यामुळे सगळ्यांच्या भानगडी माझ्याच काउंटरवर येतात. अँब्रोजकाकांचीही आली.

त्यांच्या लेकीला एप्रिलमध्ये बाळ व्हायचं होतं, तेही स्कॉटलंडला. काका एकाहत्तर वर्षांचे. पहिलं नातवंड बघायला जीव टांगलेला, पण पासपोर्ट कधी काढलेलाच नाही. अर्ज टपालाने पाठवायचा. त्यात एक हमी देणारा लागतो. त्याच्याकडे स्वतःचा पासपोर्ट हवा, आणि फोटोच्या मागे त्याने लिहून द्यायचं की हा माणूस तोच. गावात पासपोर्ट एकट्या थिर्झाकाकूंकडे.

झालं! तीन वर्षांपूर्वी काकांच्या गुपित जागेवरची बेकॅपलची केशरी रानफळं कुणीतरी साफ केली होती. दलदलीतली अशी जागा आमच्याकडे माणूस बायकोलाही सांगत नाही. काकांनी चर्चच्या दारात, सगळ्यांसमोर, थिर्झाकाकूंना चोर म्हटलं. तेव्हापासून अबोला.

शेवटी अर्ज घेऊन मीच गेले. काकूंनी चष्मा लावून फोटो पाहिला.

"हा कोण गं?"

"अँब्रोजकाका. चेहरा पूर्ण दिसला पाहिजे असं नियमात वाचलं, म्हणून दाढी काढली त्यांनी."

"हा उकडलेला बटाटा? नाही बाई. लग्न होऊन आले तेव्हापासून तो दाढीतच आहे. खाली काय दडलंय ते मला काय माहीत? खोटी सही केली तर सरकार मला आत टाकेल. त्याला म्हणावं, स्वतः ये."

काका भडकले. "ती कोण मला तपासणार?"

"मग बसा नातवंडाचे फोटो बघत!" मीही चिडले होते. काकांनी टोपी उचलली.

काकूंनी त्यांना खिडकीपाशी बसवलं. हनुवटी धरून तोंड डावीकडे वळवलं, मग उजवीकडे.

"हनुवटी नाहीच की रे तुला! म्हणून झाकली होतीस होय?"

"थट्टा पुरे. सही कर."

"आणि मला चोर म्हणालास, त्याचं काय?"

काका कानापर्यंत लाल झाले. "चुकलं माझं. आठवड्याने तिथे अस्वलाचे ठसे दिसले."

"म्हणजे तीन वर्षं तुला माहीत होतं?"

"कुठल्या तोंडाने सांगू?"

काकूंनी फोटो उलटा केला. मग, "मूर्ख मेला," म्हणत त्यांनी सही ठोकली.

मी पाकीट चिकटवणार, तोच काका म्हणाले, "थांब." एक रकाना कोरा होता. प्रवासात काही बरंवाईट झालं तर कुणाला कळवायचं? लेक तर तिकडे परदेशात; इथे बायको जाऊन सहा वर्षं झाली, भाऊही गेला. काकांनी पेन उचललं, परत खाली ठेवलं. मला बघवेना.

"थिर्झा," ते हळूच म्हणाले, "तुझं नाव घातलं तर चालेल?"

काकूंनी चष्मा काढून सावकाश पुसला.

"घाल," त्या म्हणाल्या. "पण मला फोन आला ना, तर याद राख."