सातव्या प्रॅक्टिकलचं आउटपुट

"दोन कम्प्युटर अन् पत्ता एकच? मंग काय स्वतःशीच बोलायलेत का हे?" मागच्या बाकावर अपेक्षा पुटपुटली. लॅब अटेंडंट नीलम्मा तिच्या पाठीशीच की-बोर्ड पुसत होती. तिनं ऐकलं आणि फडकं उगाच जोरात फिरवलं.

परभणीच्या त्या कॉलेजात सातवं प्रॅक्टिकल बारा वर्षं तेच. नेटवर्कवर प्रत्येक कम्प्युटरला एक पत्ता असतो, पण मशीनला तो कळतो शून्य-एकमध्ये. सी भाषेत प्रोग्राम लिहून त्याचे माणसाला वाचता येतील असे चार आकडे करायचे, मध्ये टिंबं. मग पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता एका ओळीत छापायचा. प्रोग्राम बन्सीधर सरांनी स्वतः लिहिलेला, असं सर स्वतःच सांगत. तो चालवून मात्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. आपल्याच हुशारीवर एवढा अविश्वास कोण दाखवील?

चालवला की तो दोन्हीकडं एकच पत्ता छापायचा. पोरं शहाणी. मागच्या बॅचचं जर्नल आणून त्यातलं आउटपुट उतरवायची. त्यांनी त्यांच्या मागच्यांचं उतरवलेलं, आणि पहिल्या बॅचनं दोन वेगळे पत्ते मनानंच लिहिलेले. सर लाल पेनानं सही ठोकायचे. बारा वर्षांत टिंब हललं नव्हतं. पोथीसुद्धा इतकी जपून कुणी उतरवत नसेल.

वालूरच्या अपेक्षानं मात्र पडद्यावर दिसलं तेच लिहिलं.

"चुकलंय," सरांनी जर्नल परत सरकवलं. "सही नाही."

"पर सर, येतंच तसं."

"येतं कसं? इतक्या बॅच गेल्या, एकाला आलं नाही. तुमच्या वालूरला असतील एका पत्त्यावर दोन घरं!" सर हसले. हसावं लागतं म्हणून वर्गही हसला.

परीक्षा उद्या. बिनसहीचं जर्नल असलं की बसू देत नाहीत, वर्ष गेलंच. शेजारच्या ऋतुजानं आपलं जर्नल हळूच पुढं केलं. "उतरव गं माय. पाच मिनटं लागत्यात."

"मला ते आलंच न्हाई ना पर."

नीलम्मा दहावी शिकलेली. दुपारी लॅब रिकामी असली की पुस्तकं वाचून, बटणं दाबून सी शिकली. सरांची चूक तिला कधीच सापडली होती. पत्ता लिहून देणारं ते फंक्शन म्हणजे एकच पाटी असलेला कारकून. पहिला पत्ता लिहून पाटी दाखवणार. दुसरा मागितला की तीच पाटी पुसून त्यावर दुसरा लिहिणार. छापायच्या वेळी दोन्ही नावांसमोर पाटी तीच! दोघांना वेगळी पाटी दिली की संपलं. चार ओळींचं काम.

पण ती बोलली नव्हती. तिची नेमणुकीची ऑर्डर अकरा महिन्यांची, आणि दर जूनला त्या कागदावरही हेच लाल पेन फिरायचं. सरांना मनातल्या मनात तिनं हजारदा नापास केलं होतं. मनातल्या मनात म्हणजे फुकटात. त्या शहाण्या पोरांत आणि आपल्यात फरक तो काय?

अपेक्षानं डोळे पुसले, दिसलेल्या ओळीवर काट मारायला पेन टेकवलं.

"थांब गं," नीलम्मानं फडकं खाली ठेवलं.

सरांनी मान वर केली. "काय मावशी, चहा आला?"

"चहा न्हाई, सर. पोरीचं बरोबर हाय. चुकलाय तो तुमचा प्रोग्राम. पयल्या बॅचपासून चुकलाय, अन् या लॅबमधी तुमी सोडून सगळ्यायला ठाव हाय."