आईने दिलेली उत्तरं

कामठीहून येताना दीक्षाने शेअर ऑटोत तीच ओळ इतक्यांदा वाचली, की शेजारची बाईही तिच्या फोनमध्ये डोकावू लागली. नॉर्वेच्या प्राध्यापक बाईंनी विचारलं होतं, 'मुलाखत छान आहे, पण यात बाळंतीण कुठे आहे?'

दीक्षा नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. माता-बाल आरोग्यावर संशोधन करायला तीन महिने नॉर्वेला जायचं जवळपास ठरलं होतं. नमुना म्हणून एका नव्या आईची मुलाखत तेवढी हवी होती. तिने शाळेपासूनच्या मैत्रिणीची, सक्करदऱ्याला माहेरी आलेल्या दामिनीची पाठवली. आता ती पुन्हा ऐकताना तिचे कान तापले. झोप लागते का? लागते. दूध पुरतं का? पुरून उरते. सगळी उत्तरं दामिनीच्या आईची, मनकर्णाकाकूंची. बाळंतिणीच्या खोलीत मोठ्या बाईनेच बोलायचं असतं. दीक्षाला त्यात काही खटकलंच नव्हतं. नवी मुलाखत आज संध्याकाळपर्यंत पाठवायची होती.

ती दामिनीकडे पोचली तेव्हा काकू बाळंतिणीच्या खोलीत धुरीसाठी शेगडीत ओवा टाकत होत्या.

"परत आली वं? काय राहून गेलं?"

"दामिनीलेच विचारायचं होतं, काकू."

"मंग मी काय शेजारीण आहो? माझ्याच पोटची आहे ते. विचार मले."

दामिनी भिंतीकडे तोंड करून पडली होती. दीक्षा बसली, उठली, पुन्हा बसली.

"काकू, आंघोळ झाली तुमची?"

"कशाची आंघोळ? बाळंतिणीले एकटं सोडता येते का?"

"मी आहो न. जा तुम्ही आरामात."

काकू बाळाचं दुपटं सारखं करून गेल्या. दामिनीला विचारून दीक्षाने रेकॉर्डिंग सुरू केलं.

"आता तू बोल. कशी आहे?"

दामिनी भिंतीकडे पाहतच म्हणाली, "बाळाकडे पाहून मले काहीच वाटत नाही. ते रडते तवा वाटते, कोणी घेऊन जावं याले." तिने एकदम वळून फोनकडे पाहिलं. "हे नको पाठवू वं. कोणालेच नको."

प्राध्यापक बाईंना हवं होतं ते नेमकं हेच. दीक्षाचं बोट क्षणभर अडलं. मग तिने दामिनीसमोरच रेकॉर्डिंग पुसून टाकलं.

"मी वेडी झाली का?"

"नाही वं. बाळंतपणानंतर होते असं कितीतरी जणींले. इलाज आहे त्याच्यावर. आमच्या पुस्तकात धडाच आहे."

"माझा धडा?"

"परीक्षेले हमखास येते."

दामिनी हसता हसता रडायला लागली. तिचा हात धरूनच दीक्षाने दुसऱ्या हाताने बाईंना लिहिलं : मुलाखत झाली, पण पाठवता येणार नाही, बाळंतिणीची परवानगी नाही. उत्तर लगेच आलं. 'समजलं. मग दुसऱ्या कोणाची पाठव. मुदत तीच.'

दुसरी बाळंतीण तिच्या ओळखीत कामठीलाच होती. आत्ता निघाली असती तर जमलं असतं.

काकू ओले केस पुसत आल्या. "झालं का तुयं काम?"

"धंतोलीत डॉक्टरकडे जाऊ, काकू. आत्ताच. मी येते सोबत."

"डॉक्टर? काहून? काय झालं हिले?"

हे उत्तर दीक्षाने द्यायचं नव्हतं. काकू तिच्याकडे बघत होत्या, ती दामिनीकडे. दामिनी उठून बसली.

"आई," ती म्हणाली, "इकडं बस जरा."