मीठ मागणारी वाटी

मी एक जुनी वाटी आहे. ॲल्युमिनियमची, काठाला चेपलेली, तळाशी काळवंडलेली. मित्रांनो, माझ्यात आजवर कुणी आमटी वाढली नाही की खीर खाल्ली नाही. माझा सगळा जन्म शेजाऱ्यांच्या दारात उभं राहण्यात गेला.

२०१४ साली डहाणूच्या बाजारातल्या भांड्यांच्या ढिगातून योगिताताईंनी मला उचललं. शेजारच्या घरात बाईला मारहाण होत असेल तर काय करायचं, हे त्या पाड्यापाड्यांवरच्या बायकांना शिकवायच्या. तीच त्यांची नोकरी. पिशवीत तक्ते, खडू आणि मी, असा आमचा संसार एसटीने तलासरीला जायचा आणि तिथून जीपने पाड्यावर.

तिथल्या भिकीकाकींच्या ओटीवर पहिलं शिबिर भरलं. ताईंनी मला काकींच्या हातात दिलं. "ओरडा ऐकू आला की तिघींनी मिळून जायचं. भांडायचं नाही. दार वाजवायचं आणि मीठ मागायचं. मारणारा हात तेवढा वेळ थांबतो. मग बाईला बाहेर बोलवायचं आणि विचारायचं, तुला काय हवंय?"

बायका हसल्या. "दिवे लागल्यावर मीठ कोन देते, ताई? घरातली लक्षुमी जाते."

"म्हणूनच मागायचं. अवेळी मीठ मागितलं की आतल्या माणसाला कळतं, बाहेर ऐकू गेलंय."

तेव्हापासून माझा मुक्काम काकींच्या फळीवर. चिमणने एकदा मला हिसकावून भिंतीवर आपटलं, तिथे हा पोचा आला. मला दुखलं नाही. धातूला कसलं दुखणं! पण त्या दिवशी त्याची बायको बुधी बाहेर आली आणि आठ दिवस शेजारच्या सोमीच्या घरी राहिली. २०१७ साली तलासरीत मेळावा झाला. मला हळदकुंकू लावून टेबलावर ठेवलं, ताईंनी माझी गोष्ट सांगितली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी फुशारले, खोटं कशाला बोलू?

टाळ्या वाजवणाऱ्यांत धाकल्याही होता. पाड्याच्या टोकाला त्याचं घर. पुढच्या वर्षी भाताच्या झोडणीच्या दिवसांत, दिवेलागणीला, त्याच्या बायकोचा, शुक्रीचा, आवाज आला. काकी, सोमी आणि बुधी मला घेऊन धावल्या. दार बंद होतं. ओटीवर, नजरेसमोर, मिठाचा पुडा टांगलेला होता.

"मीठ भायेर ठेवलाय, काकी," आतून धाकल्या बोलला. "पायजे तवढा घ्या न् जा."

आत सगळं चिडीचूप झालं होतं. तिघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग काकींनी पुड्यातलं मीठ माझ्यात ओतलं आणि सगळ्या माघारी फिरल्या. मित्रांनो, मी काठोकाठ भरले होते. मला वाटलं, काम झालं.

सकाळी शुक्रीला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. हात दोन जागी मोडला होता. पाय घसरून पडले, असं तिने तिथे सांगितलं.

योगिताताई आल्या, त्यांनी सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत, रडल्याही नाहीत. त्यांनी तक्ता उलगडला आणि तसाच गुंडाळला. "मी मीठ मागायला शिकवलं," त्या म्हणाल्या, "दारात थांबायला शिकवलं नाही." त्या दिवशी शिबिर झालं नाही.

मला मिठासकट फळीवर सरकवून ठेवलं होतं. महिने गेले, कुणी हात लावला नाही. दमट हवेत मिठाला पाणी सुटलं आणि ते माझा तळ खाऊ लागलं. मला काही वाटलं नाही. पाड्यावर कुणालाच काही वाटेनासं झालं होतं. शुक्री मोडलेला हात फडक्याने गळ्यात अडकवून विहिरीवर यायची. बायका तिला आधी पाणी भरू द्यायच्या आणि खाली बघायच्या.

२०१९च्या उन्हाळ्यात, भर दुपारी, पुन्हा तोच आवाज आला. काकी उठल्या. त्यांनी फळीवरून मला काढलं, आत खडा होऊन बसलेल्या मिठासकट. सोमी आणि बुधी न बोलावता मागून आल्या.

"मीठ भायेर हाय!" आतून आवाज आला.

"ठाव हाय. तुझाच मीठ परत आनलाय. शुक्रीच्या हातात देन."

"ओटीवर ठेवा."

"नाय. हातात देन." आणि काकी दारातच बसल्या. सोमी बसली. बुधी बसली. ऊन ओटीवर चढलं, मी तापले, काकींचे तळवे भाजले असतील, पण त्यांनी मला खाली ठेवलं नाही. चिमण अंगणाच्या कडेला येऊन बराच वेळ उभा होता. शेवटी म्हणाला, "उघड रे. मी पन उघडलेला."

सावली ओटीवर आली तेव्हा कडी वाजली. दारात शुक्री होती, तिच्या मागे अंधारात धाकल्या. काकींनी मीठ दिलंच नाही. त्यांनी विचारलं, "तुला काय पायजे, बाय?"

शुक्रीने एकदा मागे वळून पाहिलं. मग म्हणाली, "मना भायेर यायचा हाय."

आता माझ्या तळाला भोक आहे. पाणी राहत नाही, मीठही राहत नाही. योगिताताई मला पुन्हा पिशवीत घालून पाड्यापाड्यांवर नेतात आणि नव्या बायकांना आधी ते भोकच दाखवतात. मला घासूनपुसून ठेवा, असं मी म्हणणार नाही. पण मागायची सवय आहे, म्हणून एक मागते. मित्रांनो, शेजारी कुणी रडताना ऐकलंत तर एकटे जाऊ नका, मोठ्या माणसांना हाक मारा. आणि त्यांना सांगा, वाटी भरली म्हणून माघारी फिरू नका. दार उघडेपर्यंत बसा.