पऱ्हाटीचा कोळसा

कापूस वेचून झाला की उरणाऱ्या पऱ्हाट्या भाजून त्या कोळशाचा बॅटरीसाठी अ‍ॅनोड करायचा, हे डोकं शामलाचं. उमरेडकडच्या शेतातून एसटीवर टाकून भारे तिनं आणले, प्रयोगशाळेच्या भट्टीत भाजले तिनं. पेटंटच्या अर्जावर मात्र नाव लागलं प्रयोगशाळेचे प्रमुख अनंत सरांचं आणि त्यांच्या भाच्याचं, स्वानंदचं. तुझं पुढच्या वेळी बघू, असं सर म्हणाले.

त्याच आठवड्यात प्रताप नगरच्या देवळात बुवांनी क्षमेचं आख्यान असं रंगवलं की बायांचे पदर ओले झाले. शामलाही रडली, प्रसादाचा शिरा खाल्ला, आणि क्षमा तेवढी देवळातच ठेवून घरी आली. देवानं तिला बोल लावू नये.

कारण तिला एक गोष्ट ठाऊक होती. हा कोळसा पहिल्या चार्जिंगला लिथियम गिळतो आणि त्यातलं बरंच परत देत नाही. स्वानंदनं चाचणी घेतली ती लिथियमच्या पत्र्यासमोर. तिथं लिथियमला तोटा नाही, म्हणून आकडे झकास आले. खऱ्या सेलमध्ये ते मोजकंच असतं. यावरची तोड शामलाला अर्ज गेल्यावर सापडली: सेल जोडण्याआधी कोळशाचा थर लिथियमच्या पत्र्यावर वीस मिनिटं दाबून ठेवायचा, त्याचं पोट आधीच भरायचं. कोणी विचारलं नाही. तिनं सांगितलं नाही.

बॅटरी कंपनीच्या अस्मिता मॅडम सेल बघायला आल्या, तेव्हा सरांनी शामलाला चहाकडे बघायला सांगितलं. तिनं आलं ठेचून फक्कड चहा केला. ट्रे घेऊन आत आली तोवर पडद्यावर चार्ज-डिस्चार्जच्या पहिल्याच फेरीत चाळीस टक्के चार्ज गायब झाला होता. हे गेलं कुठं, मॅडमनी विचारलं. स्वानंदनं सरांकडे पाहिलं, सरांनी शामलाकडे.

"शामला, सांग ना गं मॅडमना."

तिनं कप पुढे सरकवला. "ज्यायचं नाव अर्जावर हाय, त्यायले विचारा ना सर. मी चहा देऊन राहिली."

सरांनी तिला व्हरांड्यात नेलं. तिसरं नाव तुझं घालतो म्हणाले.

"पयलं. अन् स्वानंदचं काढा."

बरं, उद्या करतो.

"आत्ता. मॅडमसमोर सांगा, कोनं केलं ते."

आत येऊन सर बोलले, पण इतकं पुटपुटत की मॅडमनी पुन्हा विचारलं. दुसऱ्यांदा ते स्वच्छ बोलले. स्वानंदची मान खाली गेली.

"मले नाही आलं ऐकू, सर," शामला म्हणाली.