ओंडक्यावरचे तीन फोटो

विल्डा स्टॅनजरच्या घरात एक कायदा होता आणि तो तिनंच केलेला होता. डोंगरातल्या कॅमेऱ्याचं कार्ड कोणी एकट्यानं बघायचं नाही. आणलं की फडताळातल्या निळ्या कपात टाकायचं आणि रविवारी जेवणं आटोपली की सगळ्यांनी मिळून टीव्हीवर लावायचं. त्याला कारणही तसंच होतं. तिचा दीर एमेट पूर्वी गुपचूप कार्ड बघून घ्यायचा, एल्क हरणांतल्या मोठ्या शिंगांच्या नराचे फोटो पुसून टाकायचा आणि वर साळसूदपणे म्हणायचा, यंदा काही नाही बुवा त्या ओढ्यावर. मग शिकारीचा मोसम उघडला की हा पठ्ठ्या नेमका तिथंच झाडाआड दबा धरून. विल्डानं त्याला एकदा भर पंगतीत पकडलं आणि तेव्हापासून कप आला.

कॅमेरा म्हणजे काय, तर झाडाला पट्ट्यानं आवळलेली एक डबी. समोर काही हललं की पाठोपाठ तीन फोटो काढते. गवत हललं तरी काढते, तेवढी अक्कल तिला नाही. विल्डानं आपली डबी जुलैत ओढ्यावर आडव्या पडलेल्या ओंडक्याकडे तोंड करून बांधली होती. त्या दरीतलं झाडून सगळं जनावर ओढा ओलांडायला तिथंच येतं, हे तिला लग्न होऊन आली तेव्हापासून माहीत.

ऑगस्टात ती बिशपला, म्हणजे आपल्या खेचराला, ओढ्याच्या अलीकडे बांधून कार्ड बदलायला ओंडक्यावरून पलीकडे निघाली. साल सुटून ओंडका साबणासारखा झाला होता. पडली. कंबरभर पाण्यात पडली, गुडघा सोलवटला, टोपी वाहत गेली. उठली, पँट पिळली, ओंडक्याला चार सणसणीत शिव्या दिल्या आणि मग तिच्या लक्षात आलं की समोर झाडावर डबी आहे आणि डबीनं आपलं काम चोख केलेलं आहे. दुसरी कुणी असती तर कार्ड ओढ्यात फेकून मोकळी झाली असती. विल्डानं जुनं कार्ड खिशात घातलं, नवं घातलं, बॅटऱ्या बदलल्या आणि घरी येऊन कार्ड निळ्या कपात टाकलं. कायदा एमेटला एक आणि आपल्याला एक, हे तिच्या रक्तात नव्हतं.

रविवारी मुलगा डेल आणि सून जेनेल जेवायला आले. एमेट तर येतोच, स्वतःच्या घरी त्याला कोण वाढणार. टीव्हीवर आधी ढीगभर हललेलं गवत आलं. मग एल्कच्या माद्या, मग झाडाला पाठ घासणारं अस्वल. आणि मग तो. चित्राच्या अगदी खालच्या कडेला, अर्धाच. एक जाडजूड शिंग आणि पांढरट पडलेलं नाकाड. पुन्हा आला तेव्हाही तसाच, कडेलाच, आणि तोही लख्ख उजेडात. एमेटचा घास हातातच राहिला.

"हा ओंडक्यावरून जातच नाही," डेल म्हणाला. "खाली खडीवरून पाण्यातून जातो. म्हातारा दिसतोय. शहाणा आहे."

त्यावर पुढचे तीन फोटो आले. पहिल्यात विल्डा ओंडक्यावर ताठ उभी. दुसऱ्यात तिचा एक बूट आभाळाकडे. तिसऱ्यात नुसती टोपी, तरंगत चाललेली.

एमेट इतका हसला की त्याला ठसका लागला. बाकी कोणी हसलं नाही. जेनेलनं रुमाल घडी करून ताटाशेजारी ठेवला आणि "आई" अशी हाक मारली. जेनेल एरवी सासूला सरळ विल्डा म्हणायची. आई म्हणाली की समजायचं, काहीतरी काढून घ्यायचं आहे. तिनं अगदी लोण्यासारखं मऊ बोलून सांगितलं, की वर फोन लागत नाही, हाड मोडलं असतं तर दोन दिवस कुणाला कळलं नसतं, आणि वयाचा मान राखून माणसानं वेळेवर थांबावं. डेल म्हणाला, या मोसमात तू वर जायचं नाहीस, तुझा फ्रीजर मी भरून देतो. मग म्हणे मत घेऊ. डेलनं हात वर केला, जेनेलनं केला, आणि एमेटनंही केला. त्याचा खुबा बदलल्यापासून तो डोंगर चढत नव्हता; आपण बसलो तर वहिनी का हिंडते, हे त्याचं खरं दुखणं.

विल्डानं तिन्ही हात नीट बघून घेतले.

"मी पडले हे तुम्हाला कळलं कसं?" ती म्हणाली. "मीच आणून दाखवलं म्हणून. लपवलं असतं तर आत्ता तुम्ही मला आणखी बटाटे मागत असता. खाली करा ते हात, काखा दिसताहेत."

फ्रीजर भरायचा प्रश्न नव्हताच. डेल चांगली शिकार करायचा, मांस पोचतं केलं असतं. पण म्हातारी मेल्याचं दुःख नसतं, काळ सोकावतो. आज डोंगर काढून घेतला की उद्या ट्रकची किल्ली, परवा चूल, आणि मग ही मंडळी खिडकीशी खुर्ची लावून देऊन विचारणार, सूप घेणार का. चाळीसच्या वर मोसम तिनं त्या दरीत काढले होते. नवरा गेला त्या वर्षीसुद्धा ती वर गेली होती आणि तेव्हा कुणाची मत घ्यायची छाती झाली नव्हती.

ऑक्टोबरात मोसम उघडला. पहिल्या दिवशी गावचे सगळे हौशे-गवशे वर जाऊन झाडंझुडपं तुडवतात, म्हणून तो दिवस तिनं शहाण्यासारखा घरी लोणच्याच्या बरण्या भरण्यात घालवला. जेनेल दोनदा डोकावून खात्री करून गेली. दुसऱ्या पहाटे विल्डानं बिशपला गाडीत चढवलं, रायफल घेतली, बिडाचा तवा आणि कांदे घेतले आणि निघाली.

ओढ्याशी पोचल्यावर तिनं ओंडक्याकडे बघितलंसुद्धा नाही. खालच्या अंगाला, जिथून तो म्हातारा नर जायचा, तिथं खडी होती आणि पाणी जेमतेम घोट्यापर्यंत. बिशपचा कासरा धरून ती तिथून पार झाली. इतकी वर्षं ओंडक्यावरून कसरत केली आणि ही वाट दाखवली कुणी, तर जनावरानं. बिशपला तिनं वर झाडीत नेऊन बांधलं. सकाळी डोंगरातलं वारं खाली वाहतं, नराला आपला वास लागायला नको म्हणून स्वतः मात्र पाण्याच्या आणखी खालच्या बाजूला, एका उन्मळलेल्या झाडाच्या मुळांआड येऊन बसली. गुडघा ठणकत होता. ठणकू दे म्हणाली.

उन्हं माथ्यावर आली तेव्हा तो आला. आला म्हणजे होताच, तिला आत्ता दिसला. पाठ खचलेली, एक शिंग टोकाशी तुटलेलं, पाय टाकताना प्रत्येक वेळी विचार करणारा. त्यानं पाण्याच्या काठाशी मान खाली घातली. विल्डानं श्वास अर्धा सोडला आणि चाप ओढला. तो दोन पावलं गेला आणि खडीवरच बसला, परत उठला नाही.

ती बराच वेळ त्याच्या शेजारी बसून राहिली. मग शिकारीच्या परवान्याचा टॅग शिंगाला बांधला, बाह्या वर केल्या आणि सुरी काढली.

दुपार कलली होती. मागच्या दोन तंगड्या कापडी पिशव्यांत घालून वर झाडीत बिशपपाशी टांगून झाल्या होत्या, तवा निखाऱ्यावर होता आणि तव्यात कांद्यासोबत काळीज. एवढ्यात डेल आला. खांद्यापर्यंत ओलाचिंब, दात वाजताहेत, डोकं उघडं.

"टोपी कुठाय?" विल्डानं विचारलं.

"घरी राहिली."

"आणि हे पाणी?"

"घाम आहे. धावत आलो मी. अगं आई, तुझी गाडी जागेवर नाही म्हणून जेनेल वेडीपिशी झाली तिकडे, आणि तू इथे कांदे परततेस?"

"घाम," विल्डा म्हणाली. सावलीतल्या डबक्यावर अजून बर्फाचा पापुद्रा होता. "बरं. शेकोटीशी बस, वाळू दे तुझा घाम."

तिनं आणखी काही विचारलं नाही. त्याला आपला कोट दिला, तव्यातलं खायला दिलं. तो आधी फुरंगटून बसला, मग खाल्लं, मग पुढची तंगडी धरायला आला. शिंगावर बोट फिरवून म्हणाला, तोच ना गं हा? ती म्हणाली, तोच. मग दोघांनी मिळून बिशपवर ओझं लादलं, आणि तेवढा वेळ कोण म्हातारं नि कोण तरणं हा विषय कुणी काढला नाही.

निघताना ती कॅमेऱ्याच्या झाडाकडे वळली तसा डेल घाईघाईनं म्हणाला, "राहू दे ना ते. बॅटरी संपली असेल."

"ऑगस्टात नवी घातली. पडून उठल्यावर घातली, म्हणून पक्की आठवतेय."

कार्ड आठवडाभर निळ्या कपात होतं. डेल मधे दोनदा काही ना काही निमित्तानं आला. एकदा मांस कापायची सुरी मागायला, एकदा परत द्यायला. दुसऱ्या वेळी फडताळापाशी जरा रेंगाळला आणि म्हणाला, "आई, ते कार्ड..."

"काय कार्डाचं?"

"काही नाही."

विल्डा मुद्दाम अंगणात गेली, बिशपचे खूर बघत बसली आणि फडताळ त्याच्या हवाली सोडलं. परत आली तेव्हा कार्ड कपात होतं. पोरगं तिचंच होतं.

रविवारी तेच टेबल, तीच माणसं. ताटांत त्या म्हाताऱ्या नराचं मांस, चिवट होतं, पण कुणी ब्र काढला नाही. टीव्हीवर गवत आलं, एल्क आले, चित्राच्या खालच्या कडेला खेचराला घेऊन पाण्यातून निवांत चाललेली विल्डा आली, नवी टोपी घालून. आणि मग डेल. पहिल्या फोटोत ओंडक्यावर धावतोय. दुसऱ्यात दोन्ही बूट आभाळाकडे. आईचा निदान एकच होता. तिसऱ्यात टोपी.

एमेट आधी हसला, पण या वेळी जेनेलही ओठ चावता चावता फुटली आणि टेबलावर डोकं ठेवून हसली. डेल कानापर्यंत लाल झाला होता.

एमेटनं डोळे पुसत हात वर केला. "डेलनं पुढच्या वर्षी घरी बसावं असं माझं मत. कोणकोण?"

"हात खाली घे, एमेट," विल्डा म्हणाली. "पडलेल्या माणसाला घरी बसवायची रीत तुमची. माझ्या टेबलावर यापुढे ती चालायची नाही. त्यालाही लावायची नाही आणि मलाही नाही."

जेनेल हसायची थांबली. तिनं सासूकडे बघितलं आणि बटाट्यांचं भांडं पुढे सरकवलं.

"घेणार का आणखी, विल्डा?" ती म्हणाली.

"वाढ," विल्डा म्हणाली. "आणि त्या टोप्या दोन्ही खाली धरणाच्या जाळीला अडकल्या असतील. डेल, मंगळवारी मोकळा आहेस का? जाऊन बघू."